फोर्क लपवणाऱ्या ग्लोव्हची कबुली

मित्रांनो, बेसबॉलमधल्या एका पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, डाव्या हातात सात वर्षं काढलेला मी म्हातारा ग्लोव्ह. आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव चांगला नाही. म्हाताऱ्या वस्तू कहाणी सांगू लागल्या की आपण किती झिजलो तेच सांगत बसतात. झिजलो तर मीही. पण माझं आयुष्य झिजण्यापेक्षा जळण्यात जास्त गेलं, आणि त्या जळण्याने एका भल्या माणसाचं वाटोळं केलं.

माझा जन्म जपानच्या नारा प्रांतातल्या एका छोट्या कारखान्यात झाला. ओकुमुरा नावाचे कारागीर होते. गालात कायम खारवलेल्या आलुबुखाराची बी. त्यांनी मला कापलं, शिवलं, चामड्याच्या वाद्या ओवून आवळलं आणि लाकडी हातोडीने पोटात भरपूर बडवलं. बडवताना ते माझ्याशी बोलायचे. "नीट ऐक. पिचरचा ग्लोव्ह झेलण्यासाठी नसतो, लपवण्यासाठी असतो. तुझ्या पोटात बोटं काय करतात ते फलंदाजाला दिसलं, की पिचर संपला."

मी कुसाकाच्या वाट्याला आलो. समुद्रातल्या एका बेटावरचा, बांबूसारखा उंच, एकोणीस वर्षांचा मुलगा. बंदरावरच्या शहराच्या व्यावसायिक संघाने त्याला नुकताच घेतला होता. त्याच्याकडे दोनच चेंडू होते. एक सरळ, भन्नाट वेगाचा. दुसरा फोर्क. दोन बोटं फाकवून त्यांच्या बेचक्यात चेंडू दाबायचा आणि फेकायचा. तो सरळच येतोय असं वाटतं आणि फलंदाजापाशी आल्यावर पायरी चुकल्यासारखा खाली पडतो. हे बोटं फाकवणं चालायचं माझ्या पोटात. बाहेर कुणाला पत्ता लागत नसे. हजारो लोक ओरडायचे, "काय फोर्क आहे!" तो लपवला कुणी, हे कुणी विचारायचं नाही.

आता माझ्या सवतीबद्दल सांगतो. चेंडू झेलायला समोर बसतो तो कॅचर. आमच्याकडे त्याला पिचरची बायको म्हणतात. थट्टेत नव्हे, वर्तमानपत्रातसुद्धा तसंच छापतात. आमचा कॅचर उगाकी. कुसाकापेक्षा चार वर्षांनी मोठा, जाड मानेचा, एका बैठकीत भाताचे पाच वाडगे संपवणारा. त्याच्या हातात एक गलेलठ्ठ, गोल ग्लोव्ह असायचा. त्याला मिट म्हणतात. चेंडू त्याच्या बरोबर खळग्यात बसला की 'टाप्!' असा आवाज सगळ्या मैदानावर घुमायचा. आमच्याकडचे कॅचर या आवाजासाठी जीव टाकतात, कारण तो ऐकून पिचरला हुरूप येतो.

"वा रे पठ्ठ्या! हात बधिर झाला माझा!" उगाकी सरावात ओरडायचा.

"उगाकीसान, काल पण हेच म्हणालात."

"काल खोटं बोललो होतो. आज खरंच झाला."

कुसाका खुदकन हसायचा. हसताना मला तोंडासमोर धरायचा, त्यामुळे त्याचे डोळे मला अगदी जवळून दिसत. ते माझ्या कडेवरून पलीकडे बघत असायचे. मिटकडे. सात वर्षं त्या माणसाने मला हातात घालून दुसऱ्याकडे बघितलं. मला सांगा मित्रांनो, तुम्हाला आवडलं असतं?

सातव्या वर्षाच्या उन्हाळ्यात माझ्या करंगळीकडची एक वादी झिजून सैल झाली. अगदी थोडी. मी ताठ राहिलो असतो, तर काही बिघडलं नसतं. पण त्या दिवशी कुसाका फोर्कसाठी बोटं फाकवू लागला आणि मी अंग ढिलं सोडलं. माझं पोट किंचित फुगलं. सरळ चेंडूला ते फुगत नव्हतं, फक्त फोर्कला. समोरच्या संघात कुणीतरी चाणाक्ष होता, त्याने ते टिपलं. मग फोर्क आला की फलंदाज बॅट खांद्यावर ठेवून नुसते उभे राहायचे, आणि चेंडू मातीत आपटून फुकट जायचा, मिटच्या तोंडात धूळ भरायची. सरळ आला की सपकन मारायचे, आणि मिट रिकामा राहायचा.

रिकामा मिट! एकही 'टाप्' नाही! मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मला उकळ्या फुटत होत्या.

कुसाकाचे हाल होत होते हे मला दिसत होतं. पण ते मी बघायचं टाळलं. ओळीने चार सामने त्याला चोपलं. लोक उघडपणे शिव्या देऊ लागले. बेटावरून त्याच्या आईचा फोन आला, "जेवतोस ना रे नीट?" एवढंच विचारून तिने ठेवला. मग सेगावा कोचने त्याला दुसऱ्या फळीच्या संघात पाठवलं. या मोसमात परत वर आला नाहीस, तर पुढच्या वर्षी संघात जागा नाही, असं बजावूनच.

"तुझा खांदा चेंडू विसरलाय," सेगावा म्हणाला. "रोज दोनशे टाक. आठवेल त्याला."

आमच्याकडचा हा जुना उपाय. पिचर बिघडला की त्याने फेकून फेकून सुधारायचं. कुणी 'का बिघडला' म्हणून विचारत नाही. कुसाकानेही विचारलं नाही. नदीकाठच्या त्या रणरणत्या मैदानावर तो दोनशेच्या जागी अडीचशे फेकायचा. संध्याकाळी बर्फाच्या बादलीत कोपर बुडवून बसायचा, आणि मला मांडीवर घ्यायचा. पहिल्यांदाच. उगाकी शहरात, मिट शहरात. समोर रोज नवा, अनोळखी कॅचर. कुसाका माझ्यावरची माती अंगठ्याने पुसत बसायचा. तेव्हा तरी मी अंग आवळायला हवं होतं. नाही आवळलं. तो बरा झाला असता तर परत शहरात गेला असता ना, त्या दोघांकडे.

तीन आठवड्यांनी एका सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, उगाकी घामाघूम होऊन आगगाडीने आला. काखोटीला बॅट.

"बायको माहेरी आली होय?" कुसाका म्हणाला. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"माहेरी तू आलायस. फेक."

"झेलणार नाही?"

"आज फलंदाज आहे मी. फेक म्हणतो ना!"

कुसाकाने हात उचलला. चेंडू सुटायच्या आधीच उगाकी म्हणाला, "सरळ." सरळच होता. "फोर्क." फोर्क. "फोर्क. सरळ. सरळ. फोर्क." अकरा चेंडू, अकराही बरोबर. कुसाका पांढराफटक पडला.

"कसं ओळखता?"

"घरच्यांना कळायचंच. पंचाईत ही आहे, की शेजाऱ्यांनाही कळायला लागलंय." मग त्याने बॅटचं टोक माझ्या पोटाला लावलं. "फोर्क धरलास की हा फुगतो. काल सगळ्या सामन्यांची चित्रफीत बघत बसलो, तेव्हा दिसलं. तोवर मीही तुझ्या खांद्याकडेच बघत होतो. गाढव मी."

कुसाका मटकन खाली बसला. "म्हणजे खांदा... खांद्याला काही नव्हतंच?"

"काही नव्हतं. कोपर का चोळतोयस?"

"काही नाही. जरा दुखतंय."

उगाकीने पिशवीतून मिटसाठी जपून ठेवलेली नवी वादी काढली. माझी जुनी वादी उपसली, नवी ओवली आणि दातात धरून करकचून आवळली. त्याच्या कपाळावरचा घाम माझ्यावर टपकत होता. ज्याच्यावर मी सात वर्षं जळलो, तो माणूस मला दुरुस्त करायला चार तासांचा प्रवास करून आला होता. त्या क्षणी माझा मत्सर संपला असं सांगायला मला आवडलं असतं. पण तेव्हाही मला वाटलं, ही वादीसुद्धा सवतीच्याच पिशवीतली.

सप्टेंबरमध्ये कुसाका परतला. सामन्याच्या नऊ डावांपैकी आठ डाव त्याचा फोर्क कुणाला दिसला नाही. मी दगडासारखा ताठ होतो, आणि मिट 'टाप् टाप्' वाजत होता. नवव्या डावात त्याने बोटं फाकवली, हात फिरवला, आणि उजव्या कोपरात काहीतरी तुटल्याचा आवाज झाला. चेंडू चार टप्पे खात उगाकीपर्यंत गेला. कुसाकाने मला फेकून देऊन डाव्या हाताने कोपर धरला. उगाकी मिट टाकून धावत आला.

डॉक्टर म्हणाले, त्या तीन आठवड्यांनीच सगळं केलं. दोन वर्षं उपचार झाले. अठ्ठाविसाव्या वर्षी कुसाका बेटावर परतला. आता तो लिंबांची बाग बघतो. उजवा हात पुरता सरळ होत नाही, उंच फांद्या डाव्याने छाटतो.

दर वर्षी मोसम सुरू होण्याच्या दिवशी तो मला फळीवरून खाली काढतो. तेल लावतो, एकेक वादी ओढून बघतो. मग मला चटईवर ठेवून समोर गुडघे टेकतो, वाकतो आणि म्हणतो, "माझंच लक्ष नव्हतं रे. तुझी वादी मी बघायला हवी होती. माफ कर."

मित्रांनो, अशा कहाण्यांच्या शेवटी आम्ही वस्तू तुमच्याकडे काळजी मागतो. मला काळजी नको. ती मला माझ्या लायकीपेक्षा फार जास्त मिळाली. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्यापैकी कुणी कधी त्या लिंबांच्या बेटावर गेलात, तर तुम्हाला वाकड्या कोपराचा एक उंच माणूस भेटेल. त्याला सांगा, वादी झिजली ते तुझं दुर्लक्ष असेल, पण सैल मी झालो होतो, जाणूनबुजून. आणि त्याला म्हणावं, माझ्यापुढे वाकू नकोस.