चौथं पाखरू

बायको इंदूबाई जाऊन सात महिने झाले, तेव्हा उकंडा गावंडेनं पाखरू परत द्यायचं ठरवलं.

पाखरू तांब्याचं होतं, बोराएवढं. गावावरच्या माळावर मोठमोठ्या दगडांची गोल रिंगणं आहेत. गावात त्यांना भुताचं खळं म्हणतात. तीन वर्षांपूर्वी यवतमाळच्या एका कॉलेजनं तिथं उत्खनन केलं आणि सांगितलं, की ही अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांची थडगी आहेत. इंदूबाई तिथं मजुरीला होती. दुसऱ्या आठवड्यात तिला तांब्याचं एक झाकण सापडलं. झाकणावर चार पाखरं होती. सापडलं ते खुरपं लागून, आणि खुरपं लागल्यावर तीन राहिली. चौथं तिनं पदराच्या गाठीत बांधलं आणि मग ओरडून खोदकामाच्या सरांना बोलावलं.

तेव्हापासून ते कुंकवाच्या डबीत होतं. दवाखान्यात ती उकंडाला म्हणाली, "ते पाखरू तेवढं नेऊन देजा. पण मले चोट्टी म्हणतीन असं करू नोका." एवढं सांगून तिनं चहा मागितला.

उकंडा तीस वर्षं दिग्रसच्या जिनिंगमध्ये फिटर होता. यंत्रं त्यानं पुष्कळ दुरुस्त केली होती, पण असलं काम त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी तो आधी माळावर गेला. जागा पाहिल्याशिवाय खोटं नीट बोलता येत नाही, असं त्याचं मत होतं. उत्खननाचा खड्डा बुजवलेला होता. पत्र्याच्या पाटीवरची अक्षरं उडाली होती आणि पाटीला एक बकरी अंग घासत होती. या रिंगणात एक बाई पुरली होती, हे इंदू सांगायची ते आपल्या माहेरचं कोणी असल्यासारखं. उकंडा तिथल्या एका दगडावर थोडा वेळ बसला. मग दिग्रसला येऊन त्यानं यवतमाळची एसटी धरली.

कॉलेजचं संग्रहालय म्हणजे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेशेजारची एक खोली. शिपाई धनसिंगनं वही पुढे केली. उकंडाच्या आधीची सही दीड महिन्यापूर्वीची होती, तीही पंखा दुरुस्त करणाऱ्याची.

"काय पाह्यचं हाय?" धनसिंगनं विचारलं.

"झाकण."

"सारे आधी हाडं पाहतेत."

"सारे म्हणजे किती?"

"तसं कोणी येत नाही."

भिंतीवर एक मोठं चित्र होतं. नवरा-बायको आपल्याच शवपेटीवर रेलून बसलेले, कोणी चहा आणतंय म्हणून वाट पाहत असल्यासारखे. "इटलीतले हायेत," धनसिंग म्हणाला. "एट्रुस्कन म्हणते मॅडम. तिकडंही थडगेच हायेत." उकंडानं चित्र नीट पाहिलं. नवऱ्याचा हात बायकोच्या खांद्यावर होता. तो पुढे सरकला.

काचेच्या कपाटात झाकण होतं. खाली पाटी होती : 'तांब्याचे झाकण. एक पक्षी प्राचीन काळीच निखळलेला. शोध : श्री. उकंडा गावंडे.'

उकंडानं पाटी दोनदा वाचली. उत्खननाच्या एकाही दिवशी तो माळावर गेला नव्हता. मजुरीचं कार्ड मात्र त्याच्या नावाचं होतं. हजेरी इंदूबाई देत होती आणि लिहिलं जात होतं त्याचं नाव. तेच नाव इथवर आलं होतं.

धनसिंगनं वहीतलं नाव पाहिलं, मग पाटी पाहिली. "अरे, तुमीच का ते?" म्हणत तो पळाला आणि साधना मॅडमना घेऊन आला. खोदकामाचे सर निवृत्त झाले होते; संग्रहालय वर्षभरापासून मॅडमकडे होतं.

"काका, तुम्ही शोधलंत हे? उभे राहा पाटीजवळ, फोटो घेते."

"मी नाही शोधलं. माह्या बायकोनं शोधलं. इंदूबाईनं. मी तं तिकडं गेलोच नाही."

"मग त्यांनाच घेऊन या ना. अर्ज घेऊ, नाव बदलू."

"वारली ती."

मॅडमनी फोन खाली घेतला. मग म्हणाल्या, "काही पुरावा आहे का, काका? त्याशिवाय मला पाटी बदलता येत नाही."

पुरावा उकंडाच्या खिशात होता. दाखवला तर इंदू चोट्टी ठरणार होती, न दाखवला तर ती तिथं नव्हतीच. त्यानं कागदाची पुडी काढून उघडली. मॅडमनी कपाटाचं कुलूप काढलं आणि पाखरू झाकणावर टेकवून पाहिलं.

"बसलं की हो!" धनसिंग म्हणाला.

"हे इतके दिवस कुठं होतं?"

"घरी."

"कोणी नेलं?"

"मी."

"तुम्ही तर तिकडे गेलाच नव्हता."

उकंडानं जरा विचार केला. "एक डाव डबा द्याले गेलतो. झाकण तिनं काढलं. मी पाहाले घेतलं, तं हातातून पडलं अन् पाखरू तुटलं. भेवानं खिशात टाकलं. तिले काईच माईत नव्हतं."

तीस वर्षांत फिटर उकंडाच्या हातून पाना पडलेला कोणी पाहिला नव्हता.

मॅडमनी भिंग आणलं. "पडून असं तुटत नाही, काका. हा खुरप्याचा घाव आहे."

"खुरप्यावरच पडलं."

"पडू शकते, मॅडम," धनसिंग म्हणाला.

मॅडमनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "मला हे सगळं लिहावं लागेल. तुटलं कोणाच्या हातून, नेलं कोणी. तुमच्या नावानिशी."

"लिहा."

त्या टेबलाशी बसल्या आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत गेल्या. "एक पक्षी श्री. उकंडा गावंडे यांच्या हातून निखळला, त्यांनी तो घरी नेला व पुढे स्वतः आणून दिला. चालेल?"

"चालते."

"शोध : कै. इंदूबाई गावंडे."

उकंडा पहिल्यांदाच खुर्चीवर बसला. "ते कै. नोका लावू, मॅडम."

"का?"

"झाकण काढलं तवा जिती होती ती."

मॅडमनी कै. खोडलं.