आईला विचारायचं राहिलं

बालमृत्यूंची बैठक दर महिन्याला आरोग्य कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर व्हायची. पंखा लावला की कागद उडायचे आणि बंद केला की साहेबांना घाम फुटायचा, म्हणून कागदांवर चहाचे कप ठेवायची पद्धत पडली होती. बैठकीचे नियम दोन. गेलेल्या लेकराचं नाव घ्यायचं नाही आणि दोष कुणालाच द्यायचा नाही. पण दोष तरी बिचारा जाणार कुठे? बहुतेक वेळा तो आईच्या पदरात पडायचा, कारण बैठकीला ती हजर नसायची.

घरोघरी जाऊन मूल कसं गेलं ते विचारून आणायचं काम सिस्टरचं. लोक तिला खुर्ची देत, पाणी देत आणि ती निघाली की लगेच दार लावून घेत. ती त्यांना बोल लावत नसे. असले प्रश्न घेऊन येणारी बाई कुणाला आवडेल?

त्या दिवशी तिने चार महिन्यांच्या मुलाची हकीकत वाचली. रात्री आईच्या कुशीत झोपलेलं बाळ पहाटे थंडगार सापडलं. आईला गाढ झोप लागली आणि बाळ अंगाखाली आलं. साहेबांनी मान डोलावली आणि ‘गुदमरून’ असं लिहायला पेन उचललं.

तेवढ्यात लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई बोलल्या. बाई इतक्या फटकळ की शिपाईसुद्धा त्यांच्यापासून चार हात लांब राहायचा. बाळाचा श्वास आधी जोरात चालत होता का, छाती आत ओढली जात होती का, असं त्यांनी विचारलं. आजी नाही म्हणाली, असं सिस्टरने सांगितलं.

“आणि आई काय म्हणाली?”

आईला सिस्टरने विचारलंच नव्हतं. बाळाजवळ जो होता त्याच्याशी एकांतात बोलायचं, हा तर तिच्या कामाचा पहिला धडा. पण त्या दिवशी आई भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि आजी घडाघडा सांगत होती. बोलणारं माणूस आयतं मिळाल्यावर न बोलणाऱ्याला कोण छेडतं? दुखावलेल्या बाईला आणखी त्रास नको, अशी सिस्टरने मनाची समजूत घातली होती. त्यात दया थोडी होती आणि घाईच जास्त.

आणि आता तिला त्या घरातलं दुसरंही आठवलं. पाच वर्षांच्या थोरल्या लेकीचं अंथरूण आजीने आपल्या खोलीत नेलं होतं. हिच्याजवळ लेकरू झोपवायची सोय राहिली नाही, असं ती सुनेच्या देखत म्हणाली होती. कागदावर ‘गुदमरून’ आलं की आईचं दुसरं लेकरूही गेल्यातच जमा.

साहेबांनी कुरकुरत निर्णय पुढे ढकलला.

दुसऱ्या दिवशी सिस्टर पुन्हा त्या घरी गेली. आमच्यात लपवाछपवी नाही, जे काय ते माझ्यापुढे बोला, असं म्हणत आजी ठाण मांडून बसली. सिस्टरही हटली नाही. शेवटी आजी स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटू लागली.

त्या आवाजाच्या आडोशाने आई बोलली. बाळाला दोन दिवस धाप लागत होती. फासळ्यांखाली खड्डा पडायचा. दवाखान्यात नेऊ या, असं ती म्हणाली, तर सासूबाई म्हणाल्या, सर्दी आहे, उतरेल. नवरा म्हणाला, आईला विचार. सिस्टरने सगळं ऐकून घेतलं आणि विचारायला सगळ्यात जड तो प्रश्न विचारला. झोप कधी लागली?

“मी झोपलेच नव्हते. आडवा केला की त्याला श्वास पुरायचा नाही, म्हणून रात्रभर उभा धरून बसले. पहाटे माझ्याकडे बघता बघता गेला.”

“घरात सांगितलं नाहीस?”

“सांगितलं की. त्या म्हणाल्या, डोळा लागला असेल, तुझं तुलाच कळलं नसेल. मग सगळेच तसं म्हणायला लागले. आता मलाही कधीकधी वाटतं, लागला असेल.”

पुढच्या बैठकीत न्यूमोनिया लिहिलं गेलं. सिस्टरने विचारलं, हे त्या घरी सांगू का? तशी पद्धत नाही, असं साहेब म्हणाले. तशी मनाईही कुठे लिहिलेली नाही, असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी कागदावरचा कप उचलला.

नवरा घरी असेल अशी संध्याकाळ पाहून सिस्टर गेली. तिघांना समोर बसवून तिने आडपडदा न ठेवता सांगितलं. बाळ छातीच्या आजाराने गेलं. आई जागी होती. उशीर कुणी केला ते तिने सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. नवऱ्याला मान वर करवेना.

“मला सर्दीच वाटली गं,” आजी म्हणाली. “माझी सगळी पोरं असल्या सर्दीतून उठली.”

मग ती स्वतःच उठली, आतून थोरलीचं अंथरूण आणलं आणि सुनेच्या अंथरुणाला लावून घातलं. सिस्टरला हायसं वाटलं. इतक्या घरांतून ती नुसती माहिती घेऊन बाहेर पडली होती, आज पहिल्यांदा काहीतरी देऊन निघणार होती.

आईने जागा थोपटली. पोरगी उभीच राहिली. तिने आजीकडे पाहिलं, मग आईकडे.

“मी झोपल्यावर तू झोपणार नाहीस ना?”

आजीने तोंड फिरवलं.

“नाही झोपणार,” आई म्हणाली.

तेव्हा पोरगी आडवी झाली, अंथरुणाच्या पार कडेला, आईचा हात पोचणार नाही इतकी लांब.