तुळजाराममामांचा हात

"मामा, पुन्हा नाही वाचलं?"

तुळजाराममामांनी बारकोडचा स्कॅनर खाली ठेवला आणि उजवा हात हळूच टेबलाखाली नेला. तो थरथरत होता, आणि ते विनुताला दिसायला नको होतं.

"वाचतं, विनुता अम्मा. मज दोन मिनिटं दे."

कसलं वाचतंय! सकाळपासून रक्ताच्या दहा नळ्या आल्या, त्यातल्या चारच नळ्यांवर पीप आवाज आला. बाकीच्यांचे आकडे विनुतानं हातानं टाइप केले, नि त्यात एक चुकलाही. वेळीच सापडला म्हणून बरं, नाहीतर पापनाशम गावच्या आजीबाईंची साखर भलत्याच माणसाच्या नावावर गेली असती.

एकतीस वर्षं मामा या इस्पितळाच्या लॅबमध्ये नमुने नोंदवत होते. एक नळी इकडची तिकडे झाली नव्हती. स्कॅनर आला तेव्हा सगळे म्हणाले, म्हातारा आता घरी बसणार. पण म्हातारा भलता चिवट. लेबल नळीभोवती गुंडाळायचं नाही, उभं चिकटवायचं. स्कॅनर वीतभर लांब आणि जरासा तिरका धरायचा, म्हणजे चकाकी आड येत नाही. हे सगळं त्यांनी महिन्याभरात आपलं आपण शोधलं आणि तरण्या नर्सांना शिकवलंही.

आणि आता हा मेला हात.

"डॉक्टर विचारत होते," विनुता म्हणाली. राजवाड्यामागच्या गल्लीत मामांच्या डोळ्यांदेखत वाढलेली पोर, आता त्यांची वरिष्ठ. तिच्यानं बोलवत नव्हतं. "उद्याही असंच झालं तर तुम्हाला रेकॉर्डरूममध्ये बसवा म्हणाले. मार्चपर्यंतच तर आहे."

मार्चमध्ये मामा निवृत्त होणार होते. तोवर पाच महिने जुन्या फायलींच्या धुळीत काढायचे? ती आत गेली तसं मामांना भरून आलं. त्यांनी डोळे टिपले, स्कॅनर उचलून नीट पाहायला अगदी नाकाशी धरला आणि थबकले.

चंदनाचा वास येत होता.

काल आयुधपूजा. कात्र्यांपासून बसगाड्यांपर्यंत गावातल्या झाडून साऱ्या अवजारांना गंध-कुंकू लागलं, तसं मामांनी स्कॅनरलाही लावलं होतं. मोठ्या प्रेमानं, थेट कपाळावर. आणि स्कॅनरचं कपाळ म्हणजे त्याची काच! सकाळी कुंकू पुसलं गेलं, चंदनाचा पातळ थर तसाच राहिला.

मामांनी स्पिरिटचा बोळा काचेवरून फिरवला आणि नळी धरली. हात थरथरतच होता. पीप. दुसरी नळी. पीप.

आवाज ऐकून विनुता बाहेर आली. "काय केलंत, मामा?"

"काल केलं होतं ते पुसलं," मामा ओशाळून म्हणाले. "कुंकवाचा पोट्टु त्याच्या डोळ्यातच लावला मी."

विनुता पोटभर हसली. मग कोपऱ्यातल्या पूजेच्या ताटातलं कुंकू बोटावर घेऊन तिनं स्कॅनरच्या मुठीला टिकली लावली. "इथं लावायचं. पुढच्या वर्षी ध्यानात ठेवा."

बोलून गेली आणि मग तिला मार्च आठवला.

"सरी, अम्मा. बरं, ठेवतो," मामा म्हणाले, आणि थरथरत्या हातानं त्यांनी पुढची नळी उचलली.