चोवीस चादरी

रविवारी चार वाजता मागच्या वॉर्डाचं दार उघडे आणि पाचच्या ठोक्याला नातेवाईक उठत. मधल्या तासात काय करायचं ते प्रत्येकाला पाठ होतं. पिशवीतून फळं काढायची, उशी सारखी करायची, ‘आज बरी दिसतेस हं’ म्हणायचं, आणि घड्याळाकडे बघताना खाटेवरच्या माणसाला कळणार नाही एवढी काळजी घ्यायची.

लोकवर्गणीतून उभं राहिलेलं ते छोटंसं रुग्णालय होतं. मागच्या वॉर्डात चोवीस खाटा, आणि त्यांवर घरी सांभाळणं जमत नाही म्हणून आणून ठेवलेली चोवीस म्हातारी माणसं. पंख्यावर, बाकांवर, पाण्याच्या टाकीवर कुणाच्या ना कुणाच्या आईवडिलांचं नाव रंगवलेलं होतं. आपल्या आईचं नाव पंख्यावर वाचायला माणसाला फार आवडतं. तिच्या पाठीचं काय झालंय हे बघायला मात्र कुणी वाकत नाही.

सात नंबरच्या खाटेपाशी शिवणकाम करणारी ताई बसे. तिची आई पक्षाघातानं आठ महिने आडवी होती. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती, आणि सगळ्या शब्दांपैकी एकच कसाबसा उरला होता. ‘उचल.’ ताई दिसली की आई म्हणे, उचल. ताई मग उशी उचले, मान उचलून पाणी पाजे, खाली पडलेला रुमाल उचलून देई. आई डोळे मिटून घेई आणि थोड्या वेळानं पुन्हा म्हणे, उचल.

दादा शाळेत कारकून होता. तो हसून म्हणायचा, आईला घरी जायचंय, मला उचलून न्या म्हणतेय. मग दोघंही भिंतीकडे बघत, कारण घरी न्यायची हिंमत दोघांतही नव्हती.

भिंतीवर पाटी होती: पांघरूण काढू नये, रुग्णास गारठा लागतो. वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरांनी ती लावली होती. आईच्या अंगावरची चादर मुलांनी कशी काढायची, हा संकोच घरातलाच होता. पाटी आणि संकोच यांचं छान जमलं होतं. त्यातली खरी मेख अशी, की त्या चादरी ताईच शिवत असे. रुग्णालयातून कापडाचा तागा येई, ती कडा दुमडून शिवी आणि चोरी होऊ नये म्हणून कोपऱ्यात लाल दोऱ्यानं रुग्णालयाची खूण भरी. टाका इतका बारीक, की मोठ्या सिस्टर चारचौघांत कौतुक करत.

एका मंगळवारी सकाळी दहा चाळीसला आई गेली. निरोप मिळाल्यावर ताई धावत पोहोचली तेव्हा सव्वाअकरा झाले होते. वॉर्डातली आयाबाई आईला पुसून घ्यायला पाणी घेऊन आली. दोघींनी मिळून चादर काढली, आईला कुशीवर वळवलं, आणि ताईच्या हातातलं फडकं गळून पडलं. कमरेखाली मुठीएवढी जखम होती. आत हाड दिसत होतं. टाचाही काळ्या पडल्या होत्या.

आयाबाई खाली मान घालून उभी राहिली. आई कधीपासून सांगत होती ते ताईला तेव्हा कळलं. उशी नव्हे, मान नव्हे, रुमाल नव्हे. आठ महिने ती चादर उचल म्हणत होती, आणि पोटची मुलगी तीच सोडून बाकी सगळं उचलत होती.

खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता टांगलेला असे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर अंग सडतं. बदलली की तक्त्यावर वेळेसमोर सही करायची. ताईनं तो तक्ता काढून वाचला. सातला डावी, नऊला पाठ, अकराला उजवी. एकला डावी, तीनला पाठ, पाचला उजवी. सगळीकडे मोठ्या सिस्टरांची झोकदार सही. भिंतीवरच्या घड्याळात अजून बाराही वाजले नव्हते.

तक्ता घेऊन ती सिस्टरांच्या खोलीत गेली. सिस्टर चहा पीत होत्या. त्यांनी कप खाली ठेवला आणि आई फार सोशिक होती असं म्हणाल्या. ताईनं तक्ता पुढे केला.

“माझी आई दहा चाळीसला गेली. अकराला तिची कूस कुणी बदलली?”

“अहो, ती पद्धत आहे इथली,” सिस्टर म्हणाल्या. “तक्ता सकाळीच भरून ठेवतो. चोवीस माणसं आणि दोन आया, कोण कुठं कुठं धावणार?”

“मग जेवढं केलं तेवढंच लिहायचं. बाकीच्या जागा रिकाम्या ठेवायच्या.”

“रिकाम्या दिसल्या तर वर बोलणी कुणी खायची?”

आईचं शेवटचं सगळं उरकल्यावर ताईनं संचालक मंडळाच्या अध्यक्षांची भेट मागितली. दादा तिला अडवायला घरी आला. झालं ते झालं, आता उकरून आई परत येणार आहे का, असं बरंच बोलला. ताईनं त्याच्याकडे नुसतं रोखून पाहिलं तेव्हा खरं कारण बाहेर आलं. त्याच्या सासऱ्यांचं नाव त्याच वॉर्डाच्या प्रतीक्षायादीत होतं, आणि सात नंबरची खाट आता मोकळी झाली होती.

अध्यक्ष फर्निचरचे व्यापारी. वॉर्डातल्या निम्म्या बाकांवर त्यांच्या वडिलांचं नाव होतं. त्यांनी तक्ता शांतपणे वाचला, चष्मा पुसला, आणि हा रुग्णालयाचा कागद आहे, बाहेर जाणं बरं नव्हे, असं म्हणत तो स्वतःच्या खणात ठेवून कुलूप लावलं. मग आवाज मऊ करून त्यांनी सात नंबरच्या खाटेवर आईच्या स्मरणार्थ पितळी पाटी बसवू, असं सांगितलं. मजकूर ताईनंच द्यावा.

“लिहून घ्या,” ताई म्हणाली. “या बाईची कूस मेल्यावर चार वेळा बदलली.”

अध्यक्षांचा चेहरा पडला. त्यांनी घंटी वाजवून शिपायाला बोलावलं आणि भेट संपली.

पुरावा असा खणात गेला. ताई घरी आली ती दातओठ खातच. यांना रडवीन, असं ती स्वतःशी म्हणाली, आणि या ‘यां’मध्ये तिनं स्वतःलाही धरलं होतं. शिवणयंत्राशेजारी रुग्णालयाचा नवा तागा महिनाभर तसाच पडून होता, चोवीस पांघरायच्या चादरींचा. त्याच्याकडे बघता बघता तिला सुचलं आणि ती मशीनवर बसली.

तीन आठवडे तिनं दुसरं काम घेतलं नाही. कडा नेहमीसारख्या दुमडल्या. लाल दोरा मात्र या वेळी कोपऱ्यात गेला नाही. प्रत्येक चादरीच्या बरोबर मध्यावर, छातीपासून गुडघ्यापर्यंत येतील एवढी मोठी तीन अक्षरं तिनं भरली. उचल. शेवटच्या चादरीचा दोरा तोडताना ती रडली नाही. तिला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची तिला लाज वाटली नाही.

रविवारी दुपारी तिनं घड्या घातलेला गठ्ठा मागच्या दारानं आयाबाईच्या हाती दिला आणि एक चादर उलगडून दाखवली. आयाबाईनं अक्षरांवरून बोट फिरवलं.

“विचारलं तर म्हणेन, मला वाचता येत नाही,” ती म्हणाली.

“येत नाही का?”

“सातवी झालीये. पण इथं कुणी कधी विचारलंय?”

चार वाजता दार उघडलं. नातेवाईक पिशव्या घेऊन आत आले आणि जागच्या जागी थबकले. चोवीस खाटांवर चोवीसदा तोच शब्द होता. कुणी हसलं. कुणाला वाटलं, ही नवीन कसली जाहिरात आहे. दादा सात नंबरपाशी उभा होता. पाच दिवसांपूर्वीच सासऱ्यांना तिथं आणलं होतं. तो शब्द त्यानं आठ महिने ऐकला होता आणि हसून सोडून दिला होता. त्याचा हात चादरीपर्यंत जाईना. शेवटी वहिनीनंच ती बाजूला केली. तिच्या वडिलांच्या कमरेखाली लालभडक चट्टा उठला होता.

“तुम्हाला माहीत होतं?” तिनं नवऱ्याला विचारलं.

तेवढ्यात मोठ्या सिस्टर बाहेर आल्या. त्यांनी खाटांची रांग पाहिली आणि पांढऱ्याफटक पडल्या. संतापाच्या भरात माणसाला सुचतं तेच त्यांना सुचलं.

“काढा या चादरी. सगळ्या. आत्ताच्या आत्ता.”

“बरं, बाई,” आयाबाई म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं कुठलाच हुकूम एवढ्या तत्परतेनं पाळला नव्हता. पहिल्या खाटेपासून तिनं सुरुवात केली. एकेक चादर निघाली, आणि चादरीखाली जे होतं ते ज्याच्या त्याच्या मुलानं, मुलीनं, सुनेनं पाहिलं. मग एका म्हाताऱ्या गृहस्थानं आपल्या बायकोच्या खाटेचा तक्ता काढला, घड्याळाकडे पाहिलं, आणि अजून न वाजलेल्या पाचच्या रकान्यातली सही सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचून दाखवली. लोक सिस्टरांच्या खोलीकडे निघाले. काही अध्यक्षांच्या घराकडे निघाले. त्यांतल्या प्रत्येकाच्या हातात एकेक तक्ता होता, आणि चोवीस तक्ते मावतील एवढा खण कुणाकडे नव्हता.

ताई आत गेलीच नाही. ती फाटकाजवळच्या बाकावर बसली होती. दादा तिच्यापाशी येऊन उभा राहिला.

“सूड घेतलास तू,” तो म्हणाला.

“घेतला. अजून पुरा झाला नाही. उद्यापासून मी इथं आया म्हणून येणार आहे. जेवढं करीन तेवढंच तक्त्यावर लिहीन. रिकाम्या जागा बघून त्यांना दोनाच्या आठ आया ठेवाव्या लागतील, तोवर सोडणार नाही. तुझ्या सासऱ्यांची कूस दोन तासांनी बदलेन, आणि दर वेळी तुला बोलावून घेईन.”

दादा तिच्या शेजारी बसला. बाकावर अध्यक्षांच्या वडिलांचं नाव होतं.

वाचकहो, तुमचंही कुणी अशा एखाद्या खाटेवर असेल, तर येत्या भेटीच्या दिवशी फळं नेली नाहीत तरी चालेल. तिथल्या चादरीवर काही लिहिलेलं नसेल. तरी उचला.