धोंडुबाईंचं पायताण

लग्नाला वर्ष झालं की आपल्याकडं एक प्रश्न ठरलेला असतो, आणि तो विचारायचा हक्क अख्ख्या गावाला असतो. 'काय, गोड बातमी कधी?' राजारामपुरीत राहणाऱ्या पूर्णिमालाही तो सगळ्यांनी विचारला. एका दूधवाल्यानं तेवढा विचारला नाही, तोही बहुधा घाईत होता म्हणून.

खरं उत्तर अगदी साधं होतं. तिला आणि तिच्या नवऱ्याला, राजवर्धनला, मूल नको होतं. लग्न ठरायच्या आधीच दोघांनी ते बोलून घेतलं होतं. पूर्णिमाला पोरांचा कंटाळा होता असंही नाही. क्लासमध्ये ती रोज साठ पोरांना गणित शिकवायची आणि पोरं तिच्यावर जीव टाकायची. पण आई व्हायची ओढ तिला कधी वाटली नाही, आणि राजवर्धनला बाप व्हायची वाटली नाही. दोघांचं छान चाललं होतं. एवढंच घरी सांगायचं होतं. पण बिद्रीजवळच्या गावी राहणाऱ्या आईसमोर राजवर्धनची जीभच उचलली नाही. पाच वर्षांपूर्वी तो पटकन बोलून गेला, "आई, डॉक्टरांचे उपचार चालू हायत. पूर्णिमाला जरा त्रास हाय. व्हईल सावकाश."

झालं! त्याची आई, धोंडुबाई, पुढच्याच रविवारी जोतिबाच्या डोंगरावर गेल्या आणि देवापुढं बोलून आल्या, "नातवंडाचं तोंड बघितल्याबिगर पायात पायताण घालणार न्हाय."

हे पूर्णिमाच्या कानावर आलं. "आजच खरं सांगूया," ती नवऱ्याला म्हणाली.

"सांगूया की. जत्रा तेवढी होऊ दे."

जत्रा झाली, दिवाळी झाली, परत जत्रा आली. खोटं जितकं जुनं होतं तितकं ते काढायला जड जातं. गावाकडून अंगाऱ्याच्या पुड्या यायच्या, कुठल्या कुठल्या वैद्यांचे पत्ते यायचे. पूर्णिमा गावी गेली की बायका तिच्या पोटाकडं बघून मग तोंडाकडं बघायच्या. एका डोहाळजेवणात तर ती ओटी भरायला उठली, तेव्हा कुणीतरी हळूच तिच्या हातातलं तबक काढून घेतलं. ती दिवसभर आत लसूण सोलत बसली. खोटं नवऱ्याचं आणि डाग हिला! आणि हे कुणाला सांगायची सोय नाही, कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार. सासू मात्र भर उन्हात डांबरावरून अनवाणी चालत यायची, सुनेसाठी घरचं तूप घेऊन. त्या भेगाळलेल्या टाचा बघितल्या की पूर्णिमाला घास जात नसे.

यंदा चैत्रात धोंडुबाईंच्या तळव्यात तोडलेल्या उसाचं खोडकं घुसलं. साखरेचा आजार जुना, त्यामुळं पायाला धड कळलंही नाही. जखम चिघळली तेव्हा त्यांची नणंद चिमणाबाई त्यांना घेऊन राजारामपुरीत आली. पूर्णिमानं दोघींना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि स्पष्ट सांगितलं, "आजी, यापुढं घरातसुद्धा मऊ चप्पल घालायची. पुन्हा जखम झाली तर बोटं काढावी लागतील. कदाचित पायसुद्धा."

"पाय गेला तर जाऊ दे," धोंडुबाई म्हणाल्या. "देवाला दिलेला शबुद मोडायचा न्हाय. सुनंची कूस उजवू दे, मग बघू."

डॉक्टरांनी पूर्णिमाकडं बघितलं. पूर्णिमानं जमिनीकडं बघितलं.

घरी येऊन तिनं मऊ रबराच्या पायताणाचं नवं खोकं कोपऱ्यात ठेवलं आणि चहाच्या आधणापाशी उभी राहून रडायला लागली. चिमणाबाई मागून आल्या. त्यांचं वय सत्तर. लवकर विधवा झालेल्या, मूलबाळ नाही, जीभ तिखट.

"काय झालं गं पोरी? खरं सांग. उपचार कुठं चाललाय तुझा? पाच वर्सांत एक गोळी घिताना दिसली न्हाईस."

मग पूर्णिमाला राहवलं नाही. तिनं सगळं सांगितलं आणि बोलणी खायची तयारी ठेवली.

चिमणाबाईंनी हात लांब करून गॅस बारीक केला. मग म्हणाल्या, "मला पोर पायजे हुतं, झालं न्हाय. तुला नगंय. लोकं दोघींस्नी एकच नाव ठेवत्यात. मला बी ओटी भरू दिली न्हवती गं. म्हणून सांगतो, पोर नसल्यानं बाई मरत न्हाय, लोकांच्या कीव करण्यानं मरती. तुझं काय चुकलंय असं मला वाटत न्हाय. पर ही एक चूक हाय! तुमी लोकांला भ्यायलासा, आणि त्या भ्याची किंमत माझ्या वैनीचा पाय मोजतोय."

"आईंचं मन मोडेल, आत्या."

"मन मोडंल, पर ते जुळतंय. कापल्याला पाय जुळतोय व्हय?"

पूर्णिमानं गॅस बंद केला, डोळे पुसले आणि बाहेर आली. राजवर्धन आईच्या पायाशी बसला होता.

"आई," ती म्हणाली, "उपचार चालू नाहीत. कधीच नव्हते. आम्हाला मूल नकोय, पहिल्यापासून."

राजवर्धनचा चेहरा पडला. पण आता तोही बोलला, "आई, पूर्णिमाला कसलाच त्रास न्हाय. मी खोटं बोललो. तुला भिऊन बोललो."

धोंडुबाईंनी एकदा पायाच्या पट्टीकडं बघितलं, एकदा लेकाकडं.

"पाच वर्सं मला उनातनं चालिवलास?" त्यांचा आवाज फाटला. "नातू न्हाय म्हणून न्हाय रडत मी. तुमी मला परकी केलासा! माझ्या देवाला बी फशिवलासा!"

दोन दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत. समोर ठेवलेलं जेवायच्या आणि भिंतीकडं तोंड करून निजायच्या. पूर्णिमाला वाटलं, हे घर आता कायमचं तुटलं.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. धोंडुबाई सकाळीच उठून बसल्या. "गाडी काढ. डोंगरावर जायाचं हाय. आणि ते खोकं घे बरोबर."

जखमेवर जाड पट्टी, एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला सून, अशा त्या देवळात गेल्या. पूर्णिमाला धाकधूक होती, की आता आणखी मोठा नवस बोलतात की काय! पण धोंडुबाईंनी हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाल्या, "देवा, मागणं माझं हुतं, त्यांचं न्हवतं. मी ते माघारी घेतो. पोरांला सुखी ठेव."

बाहेर येऊन त्या गुलाल-नारळाच्या दुकानाच्या फळीवर बसल्या. पूर्णिमानं खाली वाकून त्यांच्या पायात पायताण घातलं. दुकानवाली बाई पाच वर्षं त्यांना अनवाणी बघत आली होती. ती ओरडलीच, "अगं बया! मावशी, पायात पायताण? नातू झाला म्हणायचा की!"

पूर्णिमाचा हात पट्ट्यावरच थांबला. आता परत एखादं खोटं येणार!

"नातू झाला न्हाय आणि व्हणार बी न्हाय," धोंडुबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "त्यास्नी नगंय. आणि माझ्या सुनंत काडीची खोट न्हाय, ठणठणीत हाय ती. गुलाल दे!"

त्यांनी सुनेच्या कपाळावर गुलाल लावला. मग हळूच म्हणाल्या, "फुडल्या म्हयन्यात भावकीतल्या वर्षाराणीचं डोहाळजेवाण हाय. पयली ओटी तू भरायचीस. दुसरी चिमणावन्सं भरतील. कोण तबक काढून घितंय ते मी बघतो."

पूर्णिमाला पाच वर्षांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला.

वाचकहो, मूल हवंसं वाटणं जितकं सरळ आहे, तितकंच ते नकोसं वाटणंही सरळ आहे. ज्याचा संसार त्यानं ठरवावा. जोडप्यांनी घरच्यांना खरं सांगायचं धाडस करायला हवंच. पण ते खोटं आपल्याच प्रश्नांना भिऊन जन्माला येतं, हे आपणही विसरू नये. म्हणून पुढच्या वेळी 'गोड बातमी कधी?' हे ओठांवर आलं, तर ते गिळा आणि 'जेवलास का?' एवढंच विचारा. धोंडुबाई आता तेवढंच विचारतात. त्यांची जखम भरलीये, आणि दर रविवारी त्या पायात पायताण घालून डोंगर चढतात.