कळमेश्वरचं बिल

नत्थूजींनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि चिन्मयीच्या कॉम्प्युटरकडे वाकून पाहिलं. नागपूरच्या नंदनवन भागातल्या त्यांच्या कूलरच्या दुकानाचं जीएसटीचं काम ही मुलगी करत असे.

"बाकी सगळ्यांची बिलं दिसतात काका. कळमेश्वरचं तेवढं नाही."

"म्हणजे काय होते?"

"तुम्ही माल घेताना त्यांना टॅक्स दिला. आता कूलर विकताना गिऱ्हाइकाकडून टॅक्स घेता. त्यातून आधी दिलेला वजा करायचा आणि उरलेला सरकारला भरायचा. पण त्यांनी आपल्या रिटर्नमध्ये हे बिल दाखवलंच नाही, तर वजा काय करणार? तेवढा टॅक्स तुमच्या खिशातून पुन्हा जाईल." तिनं कॅलेंडरकडे पाहिलं. "वीस तारखेला आपलं रिटर्न भरायचं, त्याआधी विचारून घ्या त्यांना."

नत्थूजी खुर्चीवरून उठले.

कळमेश्वरला कूलरच्या पत्र्याच्या बॉड्या बनवणारे महादेवराव हे त्यांचे सख्खे मोठे भाऊ. वडिलांच्या तेरवीला दुकान कोणाचं आणि कारखाना कोणाचा यावरून शब्दाला शब्द लागला आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद झालं. धंदा मात्र चालू राहिला. महादेवरावांच्या हातची बॉडी वर्षानुवर्षं गळत नसे, आणि त्यांचाही एवढा माल दुसरीकडे खपत नसे. टेम्पो येई, ड्रायव्हर बिल देई, पैसे बँकेतून जात. इतक्या वर्षांत भावाच्या बिलात कधी चूक सापडली नव्हती.

म्हणूनच ही चूक नसणार, असं नत्थूजींना वाटलं. मुद्दामच केलं असणार.

संध्याकाळी दुकानात बसून त्यांनी मोबाइलवर भावाचा नंबर शोधला आणि एका बोटानं लिहिलं, 'इतकी वर्षं गप्प बसलो. आता माझा टॅक्सही खाता का? उद्या येऊन राहिलो.' मेसेज वाचला गेल्याची खूण लगेच दिसली. उत्तर आलं नाही. त्यानं त्यांचा राग आणखीच वाढला.

सकाळी त्यांनी स्कूटर काढली. वाटेतलं फेटरी गाव मागे पडेपर्यंत भावाला काय काय सुनवायचं ते त्यांनी मनात पुरतं जुळवून ठेवलं होतं. पण कळमेश्वरला पोचले तर कारखान्याचं शटर खाली. मार्च महिना, ऐन सीझन, आणि पत्र्यावर हातोड्याचा एकही आवाज नाही.

मागच्या घराचं दार कौशल्यावहिनींनी उघडलं.

"या भाऊजी," त्या म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

आतल्या खाटेवर महादेवराव उशीला टेकून होते. चेहऱ्याची उजवी बाजू खाली ओघळली होती. उजवा हात चादरीवर कोणीतरी आणून ठेवल्यासारखा पडला होता. नत्थूजींना पाहताच त्यांनी डावा हात उचलला.

"आला... नत्थू." शब्द जड, ओले येत होते. मग ते बायकोकडे वळले. "पाह्यलं का वं? म्हनलं होतं ना... आपल्या मनानं... येईन तो."

नत्थूजींनी तो हात हातात घेतला. रस्ताभर जुळवलेलं काहीच त्यांना आठवेना. थोड्या वेळानं ते वहिनींच्या मागे स्वयंपाकघरात गेले.

"होळीच्या दुसऱ्या दिवशी पडले," वहिनी चहाचं पातेलं ठेवत म्हणाल्या. "आठ दिवस नागपूरलेच होतो, दवाखान्यात."

"नागपूरले? अन् मले सांगतलं काहून नाही?"

"यायनंच, तुमच्या भावानंच नाही म्हनलं. मी तुमचं नाव काढलं का मानेनं नाही नाही करत. बोलावल्यावर आला त काय आला, हेच पहिल्यापासून यायचं म्हननं."

चहाला उकळी आली.

"मोबाइल आता माह्याजवळच असते," वहिनी म्हणाल्या. "मेसेज मी वाचला."

नत्थूजींनी ओट्याची कड धरली.

"यायले नाही वाचून दाखवला. भाऊजी उद्या येऊन राहिले, एवढंच सांगतलं. रातभर झोपले नाही. सकाळी उठल्या उठल्या दाढी करून दे म्हनले."

"वहिनी, मले माहीत असतं त..."

"असू द्या." त्यांनी चहा गाळला, बशीत ओतून निववला आणि बशी नत्थूजींच्या हातात दिली. "पाजा तुमीच. डाव्या बाजूनं पाजा, इकडून गिळता येत नाही."

नत्थूजी खाटेच्या कडेवर बसले. महादेवरावांनी दोन घोट घेतले आणि तिसऱ्याला तोंड फिरवलं. काहीतरी आठवल्यासारखे ते धडपडू लागले.

"बिल... तुयं बिल चढवाचं... राह्यलं गा."

"चढलं भाऊ."

"चढलं?"

"कालच पाह्यलं. दिसते सगळं. बराबर हाये."

"तुले... भुर्दंड नको."

"नाही पडत. तुमी चहा घ्या."

महादेवराव शांत झाले. उरलेला चहा त्यांनी हळूहळू संपवला. थोडा ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर आला, तो नत्थूजींनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसला. इतक्या जवळून त्यांनी भावाचा चेहरा किती तरी वर्षांत पाहिला नव्हता. घाईत केलेल्या दाढीत गळ्यापाशी काही पांढरे केस तसेच राहून गेले होते.

"नत्थू."

"बोला भाऊ."

"कोनं सांगतलं तुले... मी पडलो म्हनून?"

कौशल्यावहिनी दारात येऊन उभ्या होत्या. नत्थूजींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"कोनीच नाही," ते म्हणाले. "मनात आलं, निघालो."

महादेवरावांचा चेहरा डाव्या बाजूनं हसला. वहिनी रिकामी बशी घ्यायला पुढे आल्या, पण नत्थूजींच्या हातातून ती लवकर सुटेना.