डोळ्यांची आखणी

आदिनाथने ताटली आणून भारतीपुढे ठेवली. काळ्या आणि पांढऱ्या रंगाच्या दोन वाट्या, ओलं फडकं आणि तिचाच झिरो नंबरचा ब्रश.

"एवढा मोठा तरी काढ, ताई. बारक्यांचं बघू कसंतरी."

मोठा म्हणजे बाजारातल्या मंडळाचा नऊ फुटी गणपती. शेडच्या मधोमध तो ऐसपैस बसला होता. सोंड, पोट, पितांबर, सगळं रंगवून झालेलं, आणि डोळ्यांच्या जागी नुसती सफेदी. भोवतीच्या फळ्यांवर शंभरेक लहान मूर्ती, त्याही तशाच. केडगावातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये एवढे देव दाटीवाटीने बसलेले आणि एकालाही दिसत नव्हतं. चतुर्थीला नऊ दिवस उरले होते.

भारतीने ताटलीला हात लावला नाही. खांद्यावरची पिशवीही तिने उतरवली नव्हती. अकराला राहुरीची एसटी होती. तिथल्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालं होतं, राहायला एक खोली मिळणार होती. "आखणी करायची न्हाई तर या घरात राहायचं कशाला?" असं आदिनाथच आठवड्यापूर्वी रागाच्या भरात बोलून गेला होता. बोलल्याचं त्याला वाईट वाटत होतं, पण शब्द काही त्याने मागे घेतला नव्हता. नवऱ्याचं घर सुटून भारतीला नऊ वर्षं झाली होती. हे दुसरं घर.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या रतनबाईंबरोबर ती चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला जाऊ लागली. आधी नुसती सोबत म्हणून, मग गाण्यांसाठी, आणि मग कधीतरी ऐकणं संपून मानणं सुरू झालं. यंदा ईस्टरला तिने बाप्तिस्मा घेतला. आदिनाथने घर डोक्यावर घेतलं, त्याची बायको मोनिका रडली. वडिलांनी, रंभाजीआबांनी, यातलं काहीच केलं नाही. त्यांनी भारतीचं नाव घेणं बंद केलं. पाणी हवं असलं तर "कुनीतरी पानी द्या" म्हणायचे, घरात ती एकटी असली तरी. रडणं-ओरडणं तिने सोसलं, पण हे मात्र तिला फार लागलं.

आताही आबा कोपऱ्यात पोत्यावर बसून, तिच्याकडे पाठ करून शाडू मळत होते.

"रंगाला आपल्याकडं दरवर्षी मोहल्ल्यातली पोरं येत्यात," आदिनाथ म्हणाला. "त्यांचं कधी अडलं का? काम ते काम."

"ते रंग देत्यात, आदि. डोळे न्हाई काढत."

"तुझ्या पास्टरांना इचारलंस का?"

"इचारलं."

"काय म्हनले?"

"म्हनले, पोटाचं काम हाय, देव समजून घेईल. तुझं तू ठरव."

आदिनाथचा चेहरा एकदम खुलला. "मंग घोडं अडलं कुठं?"

अडलं होतं ते घरच्या रीतीपाशी. भारती अकरा वर्षांची असताना आबांनी तिच्या हातात ब्रश दिला, तेव्हाच ती रीतही दिली. डोळे काढायचे ते आंघोळ करून, उपाशीपोटी, कुणाशी न बोलता. दुसऱ्या डोळ्यातली बाहुली टेकली की मूर्तीच्या कानाशी जाऊन हळूच म्हणायचं, देवा, आता बघ. मनात असेल तरच म्हणायचं. खोटं म्हटलं की डोळा मेलेला निघतो, असं आबांनी बजावलं होतं.

पंचवीस वर्षं भारती ते म्हणत आली, सासरी असतानाही गणपतीआधी माहेरी येऊन, आणि दर वेळी अगदी मनापासून. गिऱ्हाइकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ती आपली म्हणायची, यांच्या गणपतीची नजर कशी आपल्या मागे मागे येते. या कामाचा तिला लळा होता. दुसरं काहीच तिला आयुष्यात इतकं चांगलं जमलं नव्हतं. भाकऱ्या तर तिच्या नेहमी एका बाजूला करपायच्या, आणि आता निघाली होती साठ मुलींच्या भाकऱ्या थापायला.

'आता बघ' हे ती अजूनही रोज सकाळी म्हणत होती. येशूला, हात जोडून. तेच शब्द आज या कानात सांगायचे, तर दोहोंपैकी एका ठिकाणी ती खोटी पडणार होती. पास्टरांनी मोकळीक दिली होती, पण या एका गोष्टीत मोकळीक देणं त्यांच्या हातात नव्हतं.

"कानात काय म्हनू, आदि?" तिने विचारलं.

"काईच म्हनू नको. नुसते डोळे काढ. ऐकतंय कोन?"

कोपऱ्यातलं शाडू मळणं थांबलं.

"ताटली इकडं आन," आबा म्हणाले.

"आबा, तुमीच सांगा आता तिला."

"ताटली आन म्हनलं."

आबांनी बादलीत कोपरापर्यंत हात धुतले. स्टुलावर चढून ते मोठ्या गणपतीसमोर उभे राहिले. तीन वर्षांपासून त्यांच्या उजव्या हाताला कंप होता. काळ्या रंगात बुडवलेलं टोक एकदा भुवईला लागलं, एकदा सोंडेवर घसरलं. भारतीचा हात आपोआप पुढे झाला. मग तो तिने मागे घेतला आणि पिशवीचा बंद घट्ट धरला. तिचे डोळे भरून आले. आबांनी ओल्या फडक्याने दोन्ही ठिपके पुसले, पुन्हा एकदा ब्रश उचलला, आणि तसेच खाली उतरले.

"मोनिकानं काय खाल्लंय का?"

"न्हाई, सोमवार हाय तिचा," आदिनाथ म्हणाला.

"आंघूळ करून ये म्हनावं. बोलाव."

भारतीने तेव्हाच निघायला हवं होतं, पण पाय निघेना. मोनिका ओल्या केसांनी आली. तिने आजवर शेल्याच्या किनारी तेवढ्या रंगवल्या होत्या. एवढ्या मोठ्या मूर्तीकडे बघून ती बिचकली. आबांनी तिला फळीवरच्या एका लहान मूर्तीपुढे पाटावर बसवलं आणि भारतीचा ब्रश तिच्या बोटांत दिला. पंचवीस वर्षं भारती त्याच पाटावर बसत आली होती. तिला ते बघवेना. ती दाराकडे वळली.

मागे आबा सांगत होते, तेच शब्द, तशाच सावकाश आवाजात.

"डोळा झाला का कानात म्हनायचं, देवा, आता बघ. पन मनात असंल तरच."

"आन नसलं तर, आबा?" मोनिकाने विचारलं.

आबांनी काळ्या रंगाची वाटी तिच्याजवळ सरकवली.

"तर ब्रश खाली ठिवायचा. घरच्यांनी कितीबी म्हनू दे. आपल्या भारतीनं ठिवला तसा."

भारती दारात थांबली. मग तिने पिशवीचा बंद खांद्यावर नीट केला आणि मागे न वळता रस्त्याला लागली. अकराला दहा मिनिटं कमी होती.